73 टक्के आणि दोन म्हशी

कोल्हापुरात राजारामपुरीत माझी एक खोली आहे. तिथे मी लोकांच्या डोळ्यांना व्यायाम करायला लावतो. घाम डोळ्यांनी गाळायचा, मी खुर्चीत बसून "अजून जवळ... अजून... हां, आता धरून ठेव" एवढंच म्हणायचं. याला व्हिजन थेरपी म्हणतात आणि मला ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात, निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं आहे. गावात मी 'चष्म्याचा डॉक्टर'. चष्मे मी विकत नाही आणि डॉक्टर मी नाही, पण ही दुरुस्ती सुचवायला गेलो की लोक म्हणतात, "असू द्या ओ, आमच्यासाठी डॉक्टरच."

आलेल्या प्रत्येक पालकाच्या हातात मी एक गुलाबी पत्रक ठेवत असे. त्याच्या मधोमध मोठ्या टाइपात एकच आकडा होता : 73 टक्के. या आकड्यावर माझी खोली, खोलीचं भाडं आणि माझा रुबाब उभा होता, म्हणून तो जरा समजावून सांगतो.

पुस्तक जवळ आणलं की दोन्ही डोळे नाकाच्या दिशेनं आत वळावे लागतात. काहींचे ते नीट वळत नाहीत, किंवा वळले तरी टिकत नाहीत. मग अक्षरं दुहेरी होतात, ओळ पळते, कपाळ ठणकतं आणि घरचे म्हणतात, अभ्यासाची चोरी करतोय. या दोषाला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. 9 ते 17 वर्षांच्या अशा 221 मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट केले होते. 12 आठवड्यांनी, दवाखान्यात येऊन थेरपी घेतलेल्यांपैकी 73 टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी बसून पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी 43 टक्के. घरी पेन्सिलच्या जोडीला कॉम्प्युटरवरचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 33 टक्के. चौथ्या गटाला दवाखान्यात बोलावून गंभीर चेहऱ्यानं खोटेच व्यायाम करायला लावले होते. त्यांच्यातलेही 35 टक्के सुधारले. हा चौथा आकडा माझ्या पत्रकात नव्हता. जागा पुरली नाही.

गडहिंग्लजहून, निपाणीहून, गारगोटीहून पालक यायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचे, "सर, दर आठवड्याला यायला परवडत नाही ओ. घरी करून घेतलं तर?" मी काही बोलत नसे. फक्त पेनाचं टोक 43 वर टेकवायचो, मग सावकाश 73 वर न्यायचो आणि भुवई उंच करायचो. पालक गप्प. एसटीचा पास काढायचे.

गडहिंग्लजचे एक निवृत्त मुख्याध्यापक नातवाला घेऊन येत. नातू आठवीत. त्यांना आपण गुरुजी म्हणू. त्यांनी ते पत्रक पहिल्या भेटीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खिशातलं लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि घडी घालून पाकिटात ठेवलं. एवढ्या मन लावून माझं साहित्य आजवर कुणी वाचलं नव्हतं. मी सुखावलो. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कल्पना नव्हती.

मार्च 2020 उजाडला. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 24 च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि खोलीला कुलूप लागलं. आत सिनोप्टोफोर नावाचं माझं सगळ्यात महाग यंत्र अडकलं. त्याला दोन नळ्या असतात. एका डोळ्याला सिंह दाखवायचा, दुसऱ्याला पिंजरा, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरून पोरानं सिंह पिंजऱ्यात घालायचा. आत प्रिझमचे बार होते, पोलराइड चष्मे होते, छताला टांगलेला अक्षरांचा चेंडू होता. सिंह राजारामपुरीत मोकळा राहिला आणि मी फ्लॅटमध्ये बंद झालो. भाडं आणि सिनोप्टोफोरचा हप्ता या दोघांना मात्र संचारबंदी लागू नव्हती.

लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्चला, सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मी ती मोठ्या आशेनं उघडली. ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. आम्हा ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींना कायद्यानं धड जागा मिळाली ती आमच्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठी नेमायच्या आयोगाच्या 2021 च्या कायद्यात. तोवर आम्ही डॉक्टरही नव्हतो आणि दुकानदारही. तेव्हा औषधबिषध काही नाही, नव्या पेशंटला हात लावायचा नाही, फक्त चालू व्यायाम चालू ठेवायचे, असं माझं मीच ठरवलं आणि गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, आता आपण थेरपी घरून करू. व्हिडिओ कॉलवर. अगदी उत्तम होते."

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली.

"डॉक्टर, पान दोन, तिसरा परिच्छेद. घरी केल्यास 43. कॉम्प्युटरवर केल्यास 33. तुम्ही आता घरी आणि कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम म्हणताय. मग यश नेमकं किती धरायचं?"

मी घसा खाकरला. "ती मुलं घरी आपापली करत होती, गुरुजी. समोर बसून बघणारं कुणी नव्हतं. इथे मी असणार आहे ना, स्क्रीनवर."

हे मी घाईत बोललो खरं, पण बोलल्यावर लक्षात आलं की यात तथ्य आहे. त्या चाचणीत व्हिडिओवरून समोर बसून घेतलेली थेरपी तपासलीच नव्हती. मला एकदम शास्त्रज्ञ असल्याचं वाटू लागलं. त्याच रात्री मी पत्रकाची नवी आवृत्ती तयार केली आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना धाडली. त्यात 73 नव्हते, 43 नव्हते. त्यात एमिल जावाल होता. एकोणिसाव्या शतकातला हा फ्रेंच नेत्रवैद्य. बहीण सोफी हिच्या तिरळेपणानं तो या विषयाकडे ओढला गेला आणि डोळ्यांच्या व्यायामाचं शास्त्र त्याच्यापासून सुरू झालं असं मानतात. 'या शास्त्राचा जन्मच घरच्या माणसासाठी झाला,' असं मी ठळक छापलं. गुरुजींनी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'दोन्ही आवृत्त्या जपून ठेवल्या आहेत.'

5 एप्रिलचा रविवार आठवत असेल. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या, मेणबत्त्या, मोबाइलचे टॉर्च लावायचे होते. मला त्यात निराळीच संधी दिसली. आमच्याकडे चार दिव्यांची एक चाचणी असते : एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. लाल काचेतून दोन दिवे दिसतात, हिरवीतून तीन. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर एकूण चार. दोनच किंवा तीनच दिसले तर एका डोळ्याचं म्हणणं मेंदू ऐकत नाही आणि पाच दिसले तर डोळ्यांचं आपसात पटत नाही. अंधार असला की चाचणी छान होते, आणि इथे तर अख्खा देश अंधार करून देत होता!

शाहूपुरीत माझी एक चिमुकली पेशंट राहते, एक डोळा आळशी. तिच्या वडिलांनी मागच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल-हिरवा जिलेटिन कागद शोधला, त्याचा चष्मा केला, पुठ्ठ्याला भोकं पाडून टॉर्चवर बसवला. तयारी पाहून मी धन्य झालो. नऊ वाजले, दिवे गेले, सगळं कुटुंब गच्चीत. मी फोनवरून मोठ्या आवाजात विचारलं, "बाळ, किती दिवे दिसतात?"

थोडा वेळ शांतता. मग बारीक आवाज आला, "सर, आपल्याच गच्चीतले मोजू का समोरच्यांचे पण?"

पुढचं काही ऐकू आलं नाही. कुठेतरी फटाके सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती चाचणी घरात पडदे ओढून पुन्हा केली. कंदिलाचा कागद काही प्रयोगशाळेतला नसतो, त्यातून दुसरा रंगही झिरपतो, पण अंदाज येतो. गंमत अशी की दवाखान्यात मी आईवडिलांना बाहेर बसवतो. इथे चष्मा हातोहात घरभर फिरला. मुलीला चार दिसले, कारण मागून भाऊ "चार म्हण, चार" असं कुजबुजत होता. काकांना चार. मग आजींनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "दोन. लाल."

मी सावध झालो. "आजी, हिरवा एकही नाही?"

"न्हाई रे बाबा. माझा डावा डोळा नावालाच हाय. ल्हानपणापास्नं."

"आणि हे कधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"लग्न जमायचं व्हतं. कशाला सांगतील आमचं वडील?"

पलीकडून आजोबांचा आवाज आला, "काय? काय म्हणाली ती?" आणि कॉल तुटला, की कुणी तोडला, हे मला अजून कळलेलं नाही. दूरस्थ उपचारांत रुग्णाची गोपनीयता जपावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गच्चीवर जमणाऱ्या एकत्र कुटुंबाचा विचार करून ते लिहिलेलं नसावं.

याच घरात मला डाव्या-उजव्याचं तत्त्वज्ञान शिकायला मिळालं. आळशी डोळ्याला कामाला लावायचं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी हवी. "उजव्यावर पट्टी लावा." "तुमच्या उजव्या का तिच्या उजव्या?" "तिच्या." "पण समोरून तो डावीकडं, आणि फोनमध्ये तर उजवीकडं दिसतोय." "तुम्हाला तुमचा फोन आरसा दाखवतोय ताई, मला सरळ दिसतंय." "मग तुम्ही म्हणताय तो उजवा आरशातला का सरळ?" या चर्चेत शहाणा माणूस आपला स्वतःचा उजवा हातसुद्धा विसरतो. मी तर त्यासाठी पदवी घेतलेली. शेवटी मुलीच्या मनगटाला लाल रबरबँड बांधला आणि 'रबरबँडकडचा डोळा' असा नवा शास्त्रीय शब्द रूढ केला. तो अजूनही माझ्या केसपेपरवर सापडतो.

आता म्हशीकडे येतो.

आमच्या व्यवसायातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात थोर साधन म्हणजे ब्रॉक स्ट्रिंग. फ्रेडरिक ब्रॉक या स्विस वंशाच्या ऑप्टोमेट्रिस्टनं ते बनवलं. एक लांब दोरी आणि तिच्यात ओवलेले तीन रंगांचे मणी. बस्स. दोरीचं एक टोक नाकाला लावायचं, दुसरं समोर बांधायचं आणि आळीपाळीनं एकेका मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे कामावर असतील तर मणी एक दिसतो, पण दोऱ्या दोन दिसतात आणि त्या मण्यापाशी एकमेकींना छेदून फुली करतात. जवळच्या मण्याकडे बघताना पलीकडचं सगळं दुहेरी दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं. न्यूयॉर्कर साप्ताहिकात 2006 साली ऑलिव्हर सॅक्स यांनी ज्यांच्यावर लिहिलं त्या सुझन बॅरी लहानपणापासून तिरळ्या. त्यांना 48 व्या वर्षी पहिल्यांदा जगाला खोली आहे हे दिसलं. त्यांच्या थेरपीतही ही दोरी होती. पालकांना हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की बॅरीबाई राजारामपुरीतच राहतात असा काहींचा समज असावा.

भुदरगड तालुक्यातला एक सातवीतला पोरगा माझ्याकडे येत होता. त्याच्या वाडीत फोनला रेंज गोठ्याच्या एकाच कोपऱ्यात. दुकानं बंद, मणी कुठून आणणार? पोराच्या बापानं बेंदराला बैलांच्या गळ्यात घालायचे मणी काढले. लाल, पिवळा, हिरवा, जे हवे ते रंग आणि माझ्या मण्यांपेक्षा चौपट मोठे. दोरी कासऱ्याची. एक टोक पोराच्या नाकाला, दुसरं म्हशीच्या खुंट्याला. खुंट्यामागे म्हैस रवंथ करत उभी. मी स्क्रीनवरून हे दृश्य पाहिलं आणि ब्रॉकसाहेबांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

"जवळच्या लाल मण्याकडे बघ. काय दिसतं?"

"मणी एक हाय. दोऱ्या दोन हायत." पोरगा थोडा थांबला. मग त्याचा आवाज कापरा झाला. "सर... म्हशी दोन झाल्यात."

मी खुर्चीतून उठलोच. दवाखान्यात मी ही दोरी दाराच्या कडीला बांधतो. पोरं कडी दोन दिसते की एक हे सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवतात. एवढं शुद्ध, स्पष्ट, स्वतःहून दिलेलं उत्तर मला अख्ख्या कारकिर्दीत मिळालं नव्हतं. "शाब्बास! आता हिरव्याकडे बघ. खुंट्याजवळच्या." "म्हस एकच." "परत लाल!" "दोन!" मी टाळ्या वाजवायला लागलो. माझी बायको स्वयंपाकघरातून बघून गेली.

बाप मात्र चिंतेत. "ओ सर, आधी निदान पुस्तकातलं दोन दिसत होतं. आता जनावरं बी दोन दिसायलीत. बिघडलं न्हवं काय?"

मी समजावलं की असंच व्हायला हवं, हेच दोन्ही डोळे चालू असल्याचं लक्षण. त्यानं स्वतः दोरी नाकाला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आयला, खरंच की. ही दोरी डेअरीत बांधाय पायजे. लिटर दुप्पट दिसतील."

फीचा विषय निघाला तेव्हा तो मला निरुत्तर करून गेला. "दोरी आमची. मणी आमचं. म्हस आमची. सर, तुमचं काय?"

"माझं... लक्ष."

"हां. मग लक्षाचं किती व्हत्यात?"

माझ्या यंत्रांची किंमत मला पाठ होती. लक्षाची कधी काढली नव्हती. मी भीत भीत नेहमीच्या फीच्या निम्मी रक्कम सांगितली. त्यानं ती पाठवली आणि रस्ते उघडल्यावर वर तूपही आणून दिलं. पुढच्या सेशनला दोरीवर मधला पिवळा मणी नव्हता. म्हशीनं दोरी चघळली होती. आम्ही उरलेल्या दोन मण्यांवर भागवलं.

यंत्रांच्या बाबतीत माझी घमेंड अशी हप्त्याहप्त्यानं उतरत गेली. छताच्या चेंडूला पर्याय म्हणून एका घरी टेनिसचा चेंडू मोज्यात घालून पंख्याला टांगला. वीज गेलेली होती, म्हणून पंखा सुरक्षित वाटला. पोरगा झुलत्या चेंडूवरची अक्षरं छान वाचत होता, इतक्यात वीज आली. पोराचं कौतुक एवढंच की त्यानं वाचन सोडलं नाही. चेंडूनं आधी ट्यूबलाइट सोडली आणि मग मोजा. एकदा गुरुजींच्या नातवाचा व्यायाम चालू असताना त्याचे डोळे पेन्सिलीवर असे सुरेख आत वळून स्थिरावले की मला भरून आलं. "वा! धर, धर, असाच... काय ताकद आहे! हलायचं नाही!" तो खरंच हलत नव्हता. मी कितीतरी वेळ त्याची स्तुती करत राहिलो. मग माझा दुसरा फोन वाजला.

"डॉक्टर," गुरुजी म्हणाले, "आमचं नेट गेलंय. पोरगा केव्हाच पाणी प्यायला गेला. तुम्ही एकटेच बोलताय का?"

मे महिन्यात कुरिअर पुन्हा सुरू झालं आणि माझ्यातला साधनप्रेमी जागा झाला. मी घरोघरी फ्लिपर पाठवले. फ्लिपर म्हणजे दांडीला बसवलेली चार भिंगं. एका बाजूला +2.00 ची जोडी, उलटं केलं की −2.00 ची. पोरानं वाचता वाचता ते आलटून पालटून डोळ्यांपुढे धरायचं, म्हणजे डोळ्यातल्या भिंगाला फोकस बदलायची सवय होते. सोबत सूचनांचं पान, कोपऱ्यात 'दवाखान्याची मालमत्ता' असा शिक्का. ज्या वयोगटातल्या पोरांसाठी ते पाठवलं त्यांच्या घरात त्यांचे आजोबाही असतात हे मी विसरलो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे +2.00 धरलं की पेपरातली अक्षरं लख्ख होतात. चष्म्याची दुकानं बंद होती. जिल्हाभर माझे फ्लिपर अग्रलेख वाचू लागले. एका घरातून एक फ्लिपर इमानदारीनं परत आला, त्याच्या −2.00 च्या बाजूला चिकटपट्टी लावलेली आणि चिठ्ठी : 'ही बाजू खराब आहे, काही दिसत नाही. बदलून द्यावी.'

पालकांना या सगळ्यापेक्षा एकाच गोष्टीत रस होता. आठवीपर्यंतची पोरं त्या वर्षी परीक्षेशिवायच वर गेली होती, तरी आयांचा प्रश्न कायम : "सर, याने मार्क वाढतील ना?" इथे मात्र मी पत्रकबाजी केली नाही. 2019 साली त्याच दोषाच्या 310 मुलांवरची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात खरे व्यायाम केलेल्यांची वाचलेलं समजण्याची पातळी खोटे व्यायाम केलेल्यांपेक्षा जास्त सुधारली नाही. डोळे दुखायचे थांबतील, ओळ पळायची थांबेल. पुढे अभ्यास पोरालाच करायचा आहे. असं सांगितलं की फोनवर दीर्घ उसासा ऐकू यायचा आणि मग, "बरं, चालू तर ठेवू."

जूनपर्यंत माझी अवस्था अशी झाली की सकाळी दहा ते रात्री आठ मी स्क्रीनकडे बघत बसलेलो. इतरांच्या डोळ्यांतली बाहुली कुठे सरकते हे तळहाताएवढ्या खिडकीत शोधत. संध्याकाळी डोकं धरायचं, नोंदी लिहिताना वहीतल्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. वय झालं म्हणून मी सोडून देत होतो. एका सेशनला मी नातवाला तक्ता वाचून दाखवत होतो, तर गुरुजी मधेच म्हणाले, "थांबा डॉक्टर. वाचताना तुम्ही एक डोळा मिटता."

"छे, उजेड जरा..."

"पहिली आवृत्ती, पान एक, लक्षणं. क्रमांक चार. वाचताना एक डोळा मिटणं. पेन्सिल आहे का जवळ?"

मी हसण्यावारी नेऊ पाहिलं. पण ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं वर्गात 'पेन्सिल काढा' म्हटलं आहे, त्याच्या आवाजापुढे कुणाचा हात खिशाकडे जात नाही? मी पेन्सिल काढली. गुरुजींनी नातवाला कॅमेऱ्यापुढून बाजूला केलं आणि चष्मा सरसावला. "जवळ आणा. अजून जवळ. दोन झाली की सांगा. पट्टी धरा." पेन्सिल दोन झाली 14 सेंटिमीटरवर. निरोगी माणसाची ती 6 च्या आसपास व्हायला हवी, हे मला सांगायची गरज नव्हती. तरी गुरुजींनी सांगितलं. पान एकवर होतं.

त्यांनी रजिस्टर काढलं. शाळेचं, उभ्या रकान्यांचं. नातवाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. मला रोज पेन्सिलीचा गृहपाठ मिळाला आणि मी तो केला नाही. खरंच सांगतो, वेळच मिळत नाही. जेवण झालं, आता करू, मग बातम्या, मग उद्यापासून. इतकी वर्षं पालक मला हीच कारणं द्यायचे आणि मी जुन्या पत्रकातला 43 दाखवायचो. आठवड्याच्या शेवटी गुरुजींनी माझ्या नावापुढे ओळीनं 'गै' लिहिलेला रकाना कॅमेऱ्यापुढे धरला. नातू मागे तोंड दाबून हसत होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला गडहिंग्लजहून फोन यायला लागला. सह्याद्री वाहिनीवरची शाळा, नातवाचा अभ्यास, सगळं उरकून गुरुजी माझ्यासाठी बसायचे. त्यांच्याकडे प्रिझम नव्हतं, पोलराइड नव्हतं. लाकडी फूटपट्टी होती. ती त्यांनी नुसती टेबलावर ठेवली तरी माझे दोन्ही डोळे आपोआप नाकाकडे वळायचे. जुलैत माझं डोकं दुखायचं थांबलं. माझ्यावरच थेरपी चालू आहे हे मी तोवर घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला मी रोज सातला दार लावून कुणाशी बोलतो याचा वेगळाच संशय होता. तो फेडताना खरं ते सांगावं लागलं आणि संशय होता तेच बरं होतं असं वाटलं.

'मिशन बिगिन अगेन' नावाखाली हळूहळू सगळं उघडत गेलं. मी खोली उघडली, सिंह आणि पिंजरा सॅनिटायझरनं पुसले, फेसशील्ड चढवली. मास्कमुळे वाफ वर जाऊन लाल-हिरव्या चष्म्यावर धुकं धरायचं आणि चारांपैकी एकही दिवा दिसायचा नाही. त्या वाफेचा उल्लेख कुठल्याही चाचणीत मला सापडलेला नाही. एसटी सुरू झाल्यावर गुरुजी नातवाला घेऊन आले. मी पेशंटच्या कपाळाला टेकवायचा खास मोजपट्टीचा दांडा काढला. पोराचं माप आलं 5 सेंटिमीटर. मार्चमध्ये 11 होतं. गुरुजींनी रजिस्टरातला शेवटचा आकडा दाखवला, त्यांच्या फूटपट्टीनं काढलेला. तोही 5.

मी पोराची पाठ थोपटली. गुरुजींनी पाकिटातून दोन्ही पत्रकं काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"डॉक्टर, एकच शंका. याला 73 मध्ये धरायचं का 43 मध्ये?"

मी खोलीकडे नजर फिरवली. सिनोप्टोफोरचे हप्ते अजून चालू होते.

"आणि तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

पत्रकाची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यात आकडाच नाही. पहिली तपासणी, मापं आणि तिरळेपणाचं कुठलंही प्रकरण आता खोलीतच होतं. बाहुलीची बारीक हालचाल फोनवर दिसत नाही, हे मी गोठलेल्या चित्राला शाबासकी देऊन शिकलो आहे. मधले व्यायाम लांबच्या गावांना व्हिडिओवर. एक अट मात्र आहे : समोर घरचं एक माणूस बसलं पाहिजे, वही घेऊन. आजी-आजोबा असतील तर प्राधान्य. भुदरगडच्या पोराची थेरपी संपली. म्हैस व्यायली, असा बापाचा फोन आला होता. एकच रेडकू झालं.

शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. 2020 साली मी कुरिअरनं पाठवलेले फ्लिपर अजून तुमच्या घरी पेपर वाचत असतील तर कृपया परत करा. चष्म्याची दुकानं केव्हाच उघडली आहेत. चिकटपट्टी काढली नाही तरी चालेल, कुरिअरचा खर्च मी देईन.